सॉसेज न घालता बिस्किट्स आणि पांढरी ग्रेव्ही: सासूबाईंना चालेल अशी कशी करायची?

चॅटनूगाची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही टेनेसीत चॅटनूगाला राहतो. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, दिवाळीपर्यंत इथेच आहेत. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आणि माझ्या लेकीचा सगळा जीव बिस्किट्स-ग्रेव्हीवर! (आपली चहाबरोबरची बिस्किटं नव्हेत; इथली बिस्किट्स म्हणजे मऊ, पदर सुटलेले, पावासारखे गोळे, आणि त्यांवर डुकराच्या मांसाचं सॉसेज घातलेली दुधा-मैद्याची घट्ट ग्रेव्ही.) मैत्रिणीकडे राहायला गेली की सकाळी तेच खाऊन येते. आता हट्ट धरून बसली आहे की आजीलाही खायला घालायचं, तेही घरी केलेलं.

जवळच्या डायनरमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, विचारलं, तर ती बाई प्रेमाने म्हणाली, सॉसेजचे तुकडे बाजूला काढून देते. पण ग्रेव्ही त्याच चरबीत केलेली असणार ना? सासूबाईंना फसवून काही खायला घालायचं नाही, हे माझं पक्कं आहे.

तर शनिवारच्या नाश्त्याला मीच करणार. सॉसेजशिवाय ग्रेव्हीला चव कशाने आणायची? नुसतं दूध आणि मैदा म्हणजे पचपचीत खळ होईल अशी भीती वाटते. बिस्किटांसाठी फ्रिजमध्ये मिळतो तो डब्यातला तयार गोळा चालेल का? आणि बटरमिल्कऐवजी घरचं ताक घातलं तर?

खमंग

अगदी सोपं आहे. लोण्यावर जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून मैदा आणि दूध. शेवटी चिमूटभर गरम मसाला. आमच्याकडे पाहुणे बोटं चाटतात.

राले_रहिवासी

हल्ली वनस्पतीपासून केलेलं सॉसेज सगळीकडे मिळतं, ते कुस्करून परतायचं, काम झालं. फक्त पाकिटामागचं नीट वाचा. काही ब्रँडमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. तुमच्या सासूबाईंना तो चालणार नाही.

नॉक्सविलची_काकू

अगं, डायनरबद्दलची तुझी शंका बरोबर आहे. सॉसेज परतून जी चरबी सुटते, तिच्यातच मैदा भाजतात. तुकडे काढले तरी ग्रेव्ही मांसाहारीच राहते. बिस्किटांचंही तसंच. इथल्या जुन्या घरांत ती लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत करायची पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. ग्रेव्हीची तयार पाकिटं आणि डब्यातले गोळे यांवरही घटक वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. एक मात्र चांगलं: या बिस्किटांत मुळातच अंडं नसतं, त्यामुळे तिथे काही बदलावं लागत नाही.

मी हे शिकले ते आमच्या शेजारच्या आजींकडून. स्मोकी डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या, आता नव्वदीच्या घरात आहेत. त्या सांगतात, त्यांच्या लहानपणी घरात मांस रोज कुठलं असायला! मग असेल ते स्निग्ध, मूठभर पीठ, दूध आणि भरपूर मिरी, झाली ग्रेव्ही. म्हणजे बिनमांसाची ग्रेव्ही ही आपण लावलेली नवी टूम नाही, डोंगरातल्या गरीब घरांची ती रोजचीच होती. लाकूडतोड्यांच्या छावण्यांवरून तिला सॉमिल (लाकूड कापायची गिरणी) ग्रेव्ही म्हणतात, असं सांगतात.

आता चवीचं. सॉसेज तिथे तीन कामं करतं: चरबी देतं, तव्याला खरपूस धरतं आणि मसाला आणतं. ही तिन्ही कामं वेगवेगळी भरून काढायची. नुसत्या लोण्यावर भागवलंस, तर तू म्हणतेस तशी खळ होईल.

बिडाचा तवा घे. तुझ्या चॅटनूगाजवळच, साउथ पिट्सबर्गला, 1896 पासून लॉज कंपनीची बिडाची भांडी बनतात. नसेल तर घेऊनच टाक, जन्माचं भांडं आहे. नॉनस्टिकवर खरपूस धरत नाही, आणि ग्रेव्हीची अर्धी चव त्या धरलेल्या भागातच असते.

200 ग्रॅम तपकिरी मशरूम अगदी बारीक, खिम्यासारखे चिरायचे. कोरड्या तापलेल्या तव्यावर टाकायचे, मीठ घालायचं नाही. आधी पाणी सुटेल, ते आटू दे. मग ते तव्याला धरायला लागतात, कडा गडद तपकिरी होतात. इथे घाई करू नकोस. तसे झाले की 4 टेबलस्पून लोणी, 1 टीस्पून सुका चुरलेला सेज, पाव टीस्पून थाइम (हे दोन्ही इथले सुगंधी पाले), चिमूटभर लाल मिरचीचा चुरा आणि एक टीस्पून सोया सॉस घालायचा. सेज सोडू नकोस. इथल्या नाश्त्याच्या सॉसेजला जो वास असतो, तो मुख्यतः सेज आणि मिरीचा असतो. लेकीला ओळखीचा वाटेल तोच वास.

सासूबाई मशरूम खात नसतील (आमच्या घरातली मोठी माणसं खात नाहीत), तर सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून घे. हे लोण्यावरच खरपूस परतावे लागतात, कोरड्या तव्यावर करपतात.

आता पाव कप मैदा भुरभुरवून दोन-तीन मिनिटं भाजायचा. कच्चा वास गेला पाहिजे, रंग मात्र चढू द्यायचा नाही, कारण ग्रेव्ही पांढरी हवी. मग सायीसकट दूध, दोन ते अडीच कप. पहिलं अर्धा कप थोडं थोडं घालत घोटायचं, तव्यावर घट्ट लगदा झाला पाहिजे. तो गुळगुळीत झाला की उरलेलं दूध एकदम ओतलं तरी गुठळी होत नाही. उलथन्याने तळ खरवडत राहा, धरलेलं सगळं सुटून ग्रेव्हीत मिसळतं. मंद आचेवर चार-पाच मिनिटं रटरटू दे. मिरी जाडसर कुटलेली, सपाट एक टीस्पून तरी हवीच. पांढऱ्यावर काळे ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत. मीठ शेवटी, चाखून. उतरवताना थोडी पातळच ठेव, ताटात जाईपर्यंत घट्ट होते.

बिस्किटांसाठी डब्यातला गोळा नको. घरी अर्ध्या तासात होतात. व्हाइट लिलीचं सेल्फ-रायझिंग पीठ आण. 1883 मध्ये आमच्या नॉक्सविललाच सुरू झालेली ही गिरणी. 2008 मध्ये इथली गिरणी बंद केली, याचं इथल्या जुन्या लोकांना अजून वाईट वाटतं. हे पीठ मऊ लाल हिवाळी गव्हाचं असतं. त्यात प्रथिनं 8-9 टक्क्यांच्या आसपास, साध्या ऑल-परपज पिठात 10 ते 12. प्रथिनं कमी म्हणजे चिवटपणा कमी, म्हणूनच बिस्किट हातात धरलं की अलगद सुटतं. बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं, वेगळं घालू नकोस.

दोन कप पीठ. 6 टेबलस्पून लोणी फ्रीझरमध्ये कडक करून, जाड किसणीवर किसून पिठात. बोटांच्या टोकांनीच मिसळायचं, लोण्याचे कण दिसत राहिले पाहिजेत. भट्टीत त्या कणांतल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पदर सुटतात. लोणी वितळून पिठात मुरलं तर पदर येत नाहीत. मग पाऊण कप गार बटरमिल्क. घरचं ताक पातळ असतं, त्याने पीठ सैल होतं. त्यापेक्षा घट्ट आंबट दही घे, तीन भाग दह्याला एक भाग दूध.

मळायचं मात्र नाही. गोळा जेमतेम एकत्र आला की ओट्यावर थापायचा, घडी घालायची, पुन्हा थापायचा. तीन-चार घड्या पुरे. इंचभर जाड ठेवून वाटीने सरळ खाली दाबून काप. वाटी फिरवलीस तर कडा चिकटतात आणि बिस्किट एका बाजूने फुगतं. तव्यात एकमेकांना खेटून लाव, म्हणजे आधाराने वर चढतात. 450 फॅरनहाइटला 12 ते 15 मिनिटं. आमच्या आजी कापतही नाहीत, ओला गोळा हाताने तोडून वळतात आणि बोटांच्या मागच्या बाजूने वरून हलकेच दाबतात. त्यांच्या प्रत्येक बिस्किटावर बोटांचे तीन वळ असतात.

खमंग यांना एक सांगते, राग नसावा. तुमची जिऱ्या-कढीपत्त्याची ग्रेव्ही चवदार होत असणार, पण जिरं पडलं की सेज संपला. मग तो पदार्थ वेगळा होतो. ज्या मातीत पोरगी वाढते आहे, तिथलं खाणं आजीने एकदा जसंच्या तसं चाखावं, असं मला मनापासून वाटतं.

खमंग

राग कसला काकू! सेज कधी वापरलाच नव्हता. आणते.

कोथरूडकर

आम्ही पुण्यात. इथे ना ते पीठ, ना सेज सहज मिळत. करता येईल का? घरी छोटा ओटीजी आहे.

नॉक्सविलची_काकू

येईल की. दोन कप मैद्यातला 4 टेबलस्पून काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घाला, 3 टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ, आणि तीनदा चाळा. पुण्याच्या उन्हाळ्यात पीठसुद्धा फ्रिजमध्ये गार करून घ्या. ओटीजी 230 सेल्सिअसवर आधी चांगला तापू द्या. सेज नसेल तर थाइम वाढवा, आणि तोही नसेल तर हाताने चुरडलेला ओवा, पण अगदी चिमूटभर. थाइममध्ये आणि ओव्यात थायमॉल एकच आहे, म्हणून तो इथे परका वाटत नाही.

चॅटनूगाची_सून

काकू, किती मनापासून लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. मशरूम नको म्हणाल्या, सोया चालेल. त्यांचा प्रश्न: ग्रेव्ही आवडली नाही तर बिस्किटांबरोबर आणखी काय?

नॉक्सविलची_काकू

त्यांच्यासाठी सॉर्गम सिरप आण. गोड ज्वारीच्या ताटांचा रस काढून, कढईत आटवून करतात, चव थेट काकवीची. टेनेसी आणि केंटकीच्या डोंगरात अजूनही शरद ऋतूत गाळतात. मऊ लोण्यात कालवायचं आणि गरम बिस्किटात भरायचं. सांगलीच्या माणसाला हे आवडणारच.

लेकीसाठी चॉकलेट ग्रेव्हीही कर कधीतरी. ती या डोंगरातलीच आणि पूर्ण शाकाहारी. पाव कप मैदा, पाऊण कप साखर, 3 टेबलस्पून कोको कोरडेच मिसळून दोन कप दुधात घोटायचे, घट्ट झालं की लोण्याचा गोळा. टोमॅटोचीही होते: लोण्यावर मैदा, मग कुस्करलेले टोमॅटो, थोडं दूध, मिरी.

आणि बिस्किटं जास्तच कापून ठेव. कच्ची ताटात सुटी गोठवायची, मग पिशवीत भरायची. न वितळवता तशीच भट्टीत घाल, तीन-चार मिनिटं जास्त लागतात. उरलेली ग्रेव्ही फ्रिजमध्ये घट्ट गोळा होते. मंद आचेवर दूध घालत घोटलीस की पूर्वीसारखी सैल होते.