मदत हवी आहे: गाडीतला सेट, अँप आणि वूफर विकायचाय, गिऱ्हाईक बघून परत जातंय

घाईत_आहे:
गाडी रविवारी नवीन मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. त्याला म्युझिक सिस्टिम नको म्हणून सेट, अँप (अँम्प्लिफायर) आणि वूफर (बासचा मोठा स्पीकर) काढून घरी आणलेत. चार जण येऊन गेले, घेतलं एकानंही नाही. वस्तू चांगल्या आहेत, चार वर्षं वापरल्यात. जाहिरातीत फोटो आहेत, १२०० वॅट लिहिलंय. अजून काय करायचं? जरा लवकर सांगा.

तांब्याची_वायर:
मॉडेल नंबर? सेट सिंगल डिन (एकपट उंचीचा) की डबल? अँप किती चॅनेलचा? वूफर १० इंची की १२, कॉइल एक की दोन? घेणारा सगळ्यात आधी हेच विचारतो. अँपच्या तळाचा स्टिकर आणि वूफरच्या मॅग्नेटवरचा छापा, दोन्हींचे जवळून फोटो टाका.

जुना_कॅसेटवाला:
तिन्ही वस्तू एकत्र विकू नका. सेट हवा असलेल्याला वूफर नको असतो, वूफरवाल्याकडे अँप आधीच असतो. मी नेहमी सुटंच विकतो.

निवांत_श्रोता:
सुटं विकलं की सेट आणि अँप जातात आणि वूफरचा खोका घरात राहतो. माझ्याकडे दोन वर्षं पडून होता. एकत्रच द्या, वायरिंग किटसकट. नवख्या माणसाला तेच सोयीचं पडतं.

जुना_कॅसेटवाला:
नवखा माणूस जुनं घेतच नाही हो, तो दुकानात जातो. जुनं घेणारा जाणकार असतो आणि त्याला हवी ती एकच वस्तू हवी असते.

घाईत_आहे:
सेट डबल डिन. अँप दोन चॅनेलचा, ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एकत्र करून) वूफरला जोडलेला. वूफर १२ इंची, बंद खोक्यात, दोन कॉइल. वॅट १२०० हे अँपवरच छापलंय. आता सांगा का जात नाही.

तांब्याची_वायर:
अँपला फ्यूज किती अँपिअरचा आहे?

घाईत_आहे:
३० चा. एकच.

तांब्याची_वायर:
मग ३० गुणिले १३.८ (गाडी चालू असतानाचं व्होल्टेज), म्हणजे आत जाणारी वीजच साधारण ४१४ वॅट. अँप क्लास एबी प्रकारचा असेल तर त्यातली चाळीसेक टक्के उष्णतेत जाते. म्हणजे सलग २५०च्या आसपास. स्टिकरवर आरएमएस (सलग देता येणाऱ्या ताकदीचा) आकडा असेल तो लिहा. १२०० वाचून जाणकार माणूस पुढचं वाचतच नाही.

निवांत_श्रोता:
कंपनीनं छापलेला आकडा लिहिण्यात गैर काय? खोटं तर नाही ना बोलत.

तांब्याची_वायर:
तो क्षणभराचा कमाल आकडा आहे. तसं शेजारी स्पष्ट लिहिलं तर माझी हरकत नाही.

रेस_दिली_की_कुईं:
विषय निघालाच आहे तर विचारतो, माझ्या गाडीत रेस दिली की स्पीकरमधून कुईं आवाज येतो. अँप बदलावा का?

जुना_कॅसेटवाला:
आधी अर्थिंग बघा. बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट कसा, आणि आरसीए केबल (सेटमधून अँपकडे आवाज नेणारी) बॅटरीच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्या. नवा अँप घेऊन हे जात नाही.

रात्रपाळी:
मूळ प्रश्नाकडे या. आलेल्या चौघांना वाजवून कसं दाखवलंत?

घाईत_आहे:
कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर). सेट व्यवस्थित चालतो. अँपसुद्धा चालतो, फक्त आवाज वाढवला की लाल दिवा लागून बंद होतो. गाडीत असं होत नव्हतं.

रात्रपाळी:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! लाल दिवा म्हणजे बहुतेक अँपमध्ये प्रोटेक्ट, स्वतःला वाचवायला अँप बंद होतो. बघणाऱ्याला वाटणार अँप जळालाय. एसएमपीएसवर सेट चालतो, पण बासचा ठोका आला की अँप एकदम खूप करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि अँप स्वतःला बंद करतो. चार्ज केलेल्या गाडीच्या बॅटरीवर दाखवा. पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज लावायला विसरू नका.

तांब्याची_वायर:
माझा संशय कॉइलवर आहे. वूफर ४ अधिक ४ ओहमचा असेल आणि पॅरलल जोडला असेल तर अँपला २ ओहमच अडथळा दिसतो. दोन चॅनेलच्या बऱ्याच अँपना ब्रिजमध्ये किमान ४ लागतात. मल्टिमीटरनं मोजा.

रात्रपाळी:
मग गाडीत कसा चालायचा? दोष व्होल्टेजचाच.

घाईत_आहे:
दोन्ही करून बघितलं. वूफर १.८ ओहम दाखवतोय. एसएमपीएसचं व्होल्टेज ठोक्याला ९.४ पर्यंत उतरतं. आणि आता आठवतंय, लांबच्या प्रवासात अर्ध्या-पाऊण तासानं अँप बंद पडायचा. मला वाटायचं डिकीत तापतो म्हणून.

तांब्याची_वायर:
तापतच होता, दोन ओहममुळे. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा, मीटरवर ७ च्या आसपास यायला हवं. आवाज थोडा कमी होईल, पण अँप सुरक्षित राहील. शिवाय कोनला चारी बाजूंनी सारखी बोटं ठेवून हलकेच दाबा. खरखर किंवा जळका वास नसेल तर कॉइल ठीक. गिऱ्हाईकासमोर हेच करा, आणि पूर्वीची जोडणी चुकीची होती तेही सांगून टाका.

निवांत_श्रोता:
एवढा त्रास घेण्यापेक्षा पुढच्या गाडीत बसवा की.

पाना_नंबर_दहा:
डॅशबोर्डला भोक ठेवून गाडी देणार का? कंपनीचा मूळ सेट असेल तर आत्ताच लावून बघा. बॅटरीपासून सुटलेले बरेच मूळ सेट पुन्हा लावल्यावर कोड मागतात. गाडीच्या पुस्तकात कार्ड असतं. नसेल तर सेटचा सीरियल नंबर आणि गाडीची कागदपत्रं घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं. अंदाजानं आकडे दाबू नका, सेट लॉक होतो. विकायच्या सेटमधून जोडलेले फोन आणि संपर्कही पुसा.

घाईत_आहे:
मूळ सेट माळ्यावर होता. लावला, कोड मागितला, कार्ड पुस्तकात मिळालं. बॅटरीवर सिरीजमध्ये वूफर वीस मिनिटं मोठ्यानं वाजवला, दिवा हिरवाच. जाहिरात बदलली, आरएमएस आकडा आणि मीटरचा फोटो टाकला. दुसऱ्या क्रमांकावर येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा बोलावलं, त्यानं अँप आणि वूफर दोन्ही नेले. तांब्याची_वायर, रात्रपाळी, मनापासून आभार.
आता डबल डिन सेट राहिलाय. त्याची बाहेरची फ्रेम आणि माइक डॅशमध्येच राहिलाय. माइकची वायर काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकमागून गेलीय. ओढून काढू का?

पाना_नंबर_दहा:
ओढू नका! त्या खांबात एअरबॅग आहे का ते आधी सांगा.