रस्त्यालगतचे जुने बार: तुम्ही काय पाहिलंत?

नेवाडातल्या लास व्हेगासहून लॉस एंजलिसकडे निघालं की जीन गावाचा फाटा लागतो. तिथून डोंगराच्या दिशेने सातेक मैल आत गुडस्प्रिंग्ज. एकेकाळी खाणींमुळे गजबजलेलं, आता मोजक्या घरांचं गाव. तिथला 'पायोनियर सलून' हा बार १९१३ सालचा. भिंती नि छत, दोन्ही नक्षीदार पत्र्याचे. एका पत्र्यात गोळ्यांची भोकं आहेत, १९१५ साली पत्त्यांच्या डावावरून झालेल्या भांडणातली. बायको आणि मी घटकाभर टेकायला म्हणून शिरलो ते दोन तास बसूनच राहिलो.

१६ जानेवारी १९४२ च्या रात्री जवळच्या पोटोसी डोंगरावर विमान आदळलं. आत २२ माणसं, एकही वाचलं नाही. त्यांत १५ लष्करी जवान होते. युद्धखर्चासाठीचे सरकारी रोखे विकून परतणारी अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड होती, सोबत तिची आई. तिचा नवरा क्लार्क गेबल बातमीची वाट पाहत याच काउंटरवर बसला होता, असं तिथे सांगतात. लाकडावरचे सिगारेटचे चटकेही त्याचेच म्हणून दाखवतात. मी एकावरून बोट फिरवलं. काळा, किंचित खोलगट डाग. बायको इतकंच म्हणाली, "रात्रभर बसला असेल रे." मला त्या पंधरा जवानांच्या घरची माणसं आठवत राहिली. ती कुठे बसली असतील?

असा एखादा बार तुम्हालाही वाटेत भेटला असेल तर जरूर लिहा. काय प्यायलात ते नाही सांगितलं तरी चालेल.

*

आमचा टेक्सासचा अनुभव. फ्रेडरिक्सबर्गच्या अलीकडे लकनबाख आहे. जुनं पोस्ट ऑफिस, दुकान आणि मागे बार, सगळं एकाच लाकडी घरात. १९७० च्या सुमारास हॉन्डो क्राउच नावाच्या रँचमालकाने साथीदारांसह हे गावच विकत घेतलं होतं! पुण्याहून आईबाबा आले होते. बाबा थेंबालाही शिवत नाहीत, त्यामुळे न्यावं की नाही असं झालेलं. झाडाखाली गिटारवाले गोल करून बसले होते. बाबांनी नकळत मांडीवर भजनी ठेका धरला. एका म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि काही न बोलता आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली. बाबा तासभर उठले नाहीत.

*

नेवाडातच जिनोआचा बार बघा, १८५३ पासूनचा. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याशी. गाडी चालवणाऱ्याने मात्र सोडाच प्यावा, घाट आहे.

*

आम्ही कोल्हापूरकर. एप्रिलात आंबोलीमार्गे गोव्यात उतरताना म्हापशाच्या अलीकडे एक तावेर्न होतं. दोन बाकं, काचेचे बुधले, भिंतीवर ख्रिस्ताची तसबीर. मालक सत्तरीचे. "भाटी पळयतां?" म्हणत मागे घेऊन गेले. तुडवलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास, मडक्याखाली मंद जाळ. एकदा गाळली की हुर्राक. तीच आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक टिकत नाही, हंगामापुरतीच. त्यांनी लिंबू, मीठ नि चिरलेली हिरवी मिरची घालून पेला पुढे केला. ड्रायव्हर असलेल्या माझ्या भावाला कोकम सरबत, त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढे २०१७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने महामार्गालगतचे बार बंद झाले. अपघात पाहता तो निर्णय मला पटतो. तरी त्या वाटेने जाताना बंद दारापाशी भाऊ गाडी हळू करतो.