प्रार्थना ऐकली गेली, हे कशाच्या आधारावर धरायचं?

मोहरीचा दाणा
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. घरातल्या एका माणसाची दारू सुटावी म्हणून रोज प्रार्थना करते. मार्क ११:२४ सांगतं, जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. १ योहान ५:१४ सांगतं, त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो ऐकतो. मग 'तुझी इच्छा असेल तर' असं म्हटलं की मार्कातला विश्वास उरतो का? आणि नाही म्हटलं तर तो हट्ट होतो का? मंडळीत कोणी म्हणतं विश्वास कमी पडतोय, कोणी म्हणतं धीर धर. प्रार्थनेला बसल्यावर नेमकं काय मागायचं आणि काहीच बदल दिसत नसताना कशाला धरून राहायचं, ते सांगा.

पहाटेचा पहारा
ताई, ऐकलं जाणं आणि उत्तर दिसणं या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. दानीएल १० वाचा. तीन आठवडे त्याने चांगलंचुंगलं खाल्लं नाही, मांस नाही, द्राक्षारस नाही, अंगाला तेलही लावलं नाही. शेवटी दूत येतो आणि १२ व्या वचनात सांगतो की तुझं बोलणं पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं. २१ दिवस कशामुळे अडवणूक झाली, ते पुढच्या वचनात येतं. मधल्या काळात दानीएलाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

ऐकलं जाण्याचा आधार आपण किती कळवळून मागितलं यावर नाही. इब्री ४:१४-१६ आणि १०:१९-२२ यांत तो स्पष्ट दिला आहे: येशू आपला महायाजक, म्हणजे आपल्या वतीने देवासमोर उभा राहणारा आहे, आणि त्याच्या रक्तामुळे आपल्याला आत, देवाजवळ, जायला वाट आहे. 'येशूच्या नावाने' म्हणताना आपण कोणाच्या हक्काने आत आलो तेच सांगत असतो. मन कोरडं पडलेल्या दिवशीही तो हक्क तेवढाच असतो.

आता शब्दांचं. तुमची विनंती कागदावर एका वाक्यात लिहा आणि तिचे दोन भाग पाडा. देवाने ज्याचं वचन दिलं आहे ते एकीकडे: या माणसाशी कसं वागायचं याचं ज्ञान (याकोब १:५), काळजीने पोखरलेल्या मनाला शांती (फिलिप्पै ४:६-७), दुबळेपणात पुरेल एवढी कृपा (२ करिंथ १२:९). हे मागताना 'तुझी इच्छा असेल तर' म्हणायची गरज नाही, इच्छा त्याने आधीच सांगून ठेवली आहे. मार्क ११:२४ चा ठामपणा इथे पूर्ण वापरा. दुसरीकडे, दारू कधी सुटेल, कोणत्या मार्गाने सुटेल, याची तारीख शास्त्रात कुठेच दिलेली नाही. तिथे गेथशेमाने बागेतला क्रम पाळा (मत्तय २६:३९-४४). प्रभूने आधी उघडपणे मागितलं, मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं, आणि तरीही पुन्हा जाऊन मागितलं, असं तीनदा. पुष्कळ जण मागण्याआधीच 'तुझी इच्छा' म्हणून मोकळे होतात. त्यात समर्पण थोडं आणि निराशेची भीती जास्त असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

'त्याला आशीर्वाद दे' एवढंच मागितलं तर उत्तर आलं तरी ओळखता येत नाही. राजाला प्याला देणाऱ्या नहेम्याची प्रार्थना पाहा (नहेम्या १:५-११): देवाची थोरवी, पापाची कबुली, देवाला त्याच्याच वचनाची आठवण, आणि अगदी शेवटी एकच नेमकी मागणी, की आज या माणसाची, म्हणजे राजाची, माझ्यावर कृपा व्हावी. किसलेव महिन्यात सुरू केलेली ही प्रार्थना नीसानात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी, राजासमोर फळाला आली. राजाने 'तुझी काय विनंती आहे' विचारल्यावर उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात पुन्हा प्रार्थना केली (२:४). तुमच्या बाबतीत ती अशी होईल: 'प्रभू, उद्या सकाळी तो शुद्धीवर असताना उपचाराचा विषय काढायला मला शब्द दे, आणि त्याला ऐकून घ्यायला मन दे.' वहीत तारीख, मागणी आणि वचन लिहा, समोरची जागा कोरी सोडा. महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. न लिहिता ठेवलेली लहान उत्तरं हमखास विसरली जातात.

बेथानीकर
वरच्या उत्तराला पूर्ण संमती. फक्त 'विश्वास कमी पडतोय' या वाक्याबद्दल लिहितो, कारण त्याने माणसं मोडतात.

प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये पेत्र तुरुंगात दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपलेला. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती. तो सुटून दाराशी आला, रुदा नावाच्या मुलीने आवाज ओळखला आणि आनंदात दार न उघडताच आत धावली. प्रार्थना करणारेच तिला वेडी म्हणाले! पेत्र बाहेर ठोठावतच राहिला. त्यांचा विश्वास एवढाच होता आणि देवाने तरीही सोडवलं. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा' म्हणणाऱ्या बापाचा मुलगाही बरा झालाच (मार्क ९:२४). याकोब १:६-८ मधला संशयी माणूस म्हणजे देवावर भिस्त ठेवायची की नाही हेच न ठरवलेला. रडत रडत रोज त्याच्याकडेच जाणारा माणूस त्यात बसत नाही.

आणि उपचार थांबवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर झटके, भ्रम, जिवाला धोकाही होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. पौलाने आपला सहकारी त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), आणि पौलाबरोबर स्वतः लूक हा वैद्य होता. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही.

मोहरीचा दाणा
खूप आधार मिळाला. आणखी एक. माझ्यातच काही अडथळा असेल तर तो कसा ओळखायचा? आणि एकच गोष्ट किती काळ मागत राहायची?

अंजिराखाली
अडथळ्याचं उत्तर तुम्ही लिहिलेल्या वचनाच्या पुढच्याच ओळीत आहे. मार्क ११:२५: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. व्यसनी माणसासाठी मागणाऱ्याच्या मनात त्याच माणसाबद्दलचा राग साठलेला असतो, आणि विनंतीची हळूहळू तक्रार होते. 'सगळं माफ' असं ठोक म्हणू नका. खोटं बोलून नेलेले पैसे, चारचौघांत काढलेले शब्द, एकेक नाव घेऊन देवासमोर सोडा. क्षमा केली म्हणून त्याला पुन्हा पैसे द्यावेत किंवा त्याच्या चुका झाकाव्यात असं मात्र नाही. आत्मपरीक्षणही मोजकं ठेवा. दाखवलेलं पाप कबूल केलं की १ योहान १:९ धरून पुढे जा, रोज नवं पाप शोधत बसू नका.

किती काळ? लूक १८:१-८ मधली विधवा न थकता येत राहते. पौल आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा मागून थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं होतं. दाविदाने मूल जिवंत असेतो उपास केला, ते गेल्यावर उठून अंघोळ केली आणि परमेश्वराच्या घरी जाऊन भजन केलं (२ शमुवेल १२). तुमचा माणूस जिवंत आहे आणि 'नाही' असं उत्तर आलेलं नाही, तेव्हा मागत राहा.

नकारासारखं दिसलेलं मात्र लगेच नकार म्हणून लिहू नका. पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन ३८३ साली आईला फसवून रोमला निघाला. ती मोनिका त्या रात्री किनाऱ्याजवळच्या, सिप्रियन या हुतात्म्याच्या स्मृतिस्थळी प्रार्थना करत होती की देवाने त्याला जाऊ देऊ नये. सकाळी जहाज गेलेलं होतं. पण त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला तिथल्या बिशप अँब्रोजपर्यंत पोहोचला, ३८६ मध्ये ख्रिस्ताकडे वळला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची मागणी फेटाळली गेली, पण मुलाच्या तारणाची, जी ती वर्षानुवर्षं करत होती, ती देवाने त्याच वाटेने पुरी केली. म्हणून वहीत 'तो सुटावा' आणि 'अमुक केंद्रातच सुटावा' अशा दोन वेगळ्या ओळी ठेवा. दुसरी खोडावी लागली तरी पहिली चालू राहू द्या.