आजीच्या चांदीच्या साजाची पानं कशी उजळायची?

मदत हवी आहे. आजीचा चांदीचा कोल्हापुरी साज (गळ्यातला हार) तुटला, त्यातली मासा, कासव, कारलं आणि भुंगा एवढी चारच पानं (म्हणजे हारातले नक्षीदार तुकडे) माझ्या वाट्याला आली. एकेक पान काळ्या दोऱ्यात पेंडंटसारखं घालायचंय. माशाच्या खवल्यांत काळं साचलंय, पण मला ते आवडतं, नक्षी त्यामुळेच उठून दिसते. आई म्हणते रिठ्याने घास. काकू म्हणतात टूथपेस्ट (नको गं बाई, पैंजणांवर चरे पडलेत). ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात खाचांतलं काळंही जाईल, शिवाय कासवाच्या पोटात लाख आहे, ती वितळली तर? फक्त वरचा उठाव उजळायला तुम्ही काय वापरता? आणि हुपरीत (कोल्हापूरजवळ, चांदीकामासाठी प्रसिद्ध) लाखेला धक्का न लावता नवी कडी डागून देणारं कुणी आहे का?