मदत हवी आहे: अकापेला ऑडिशनमध्ये आपली ओळ सुटते

परदेशातल्या विद्यापीठाच्या अकापेला (वाद्यांशिवाय, अनेक आवाजांत गाणाऱ्या) गटाची ऑडिशन १० दिवसांवर आहे. तालीम ख्यालाची, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, पण ते लागणार नाही असं गटाने कळवलंय. एका मिनिटाचं सोलो तयार आहे, आवाजाची पट्टी-रेंज तपासणी आणि पियानोवरचे ६-७ स्वर ऐकून लगेच गाणंही जमतं.

अडतं ते शेवटी. टेनरची (पुरुषांच्या उंच आवाजाची) ओळ तिथेच ५ मिनिटांत शिकवतात आणि मग वेगवेगळ्या ओळी गाणाऱ्या चौघांत ती एकट्याने धरायची असते. सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाची ओळ) सुरू झाली की मी तिच्या चालीवर सरकतो.

बाकीच्या तीन ओळी फोनवर रेकॉर्ड करून सराव केला. त्यांचा आवाज बारीक असेल तर टिकतो, बरोबरीचा केला की सुटतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पूर्ण काढून टाकली आहे. शिवाय तंबोऱ्यावर मुरलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो, त्यामुळे पियानोसोबत तो उतरलेला वाटतो. हे त्यामानाने किरकोळ.

दोन्ही पद्धतींत गायलेल्यांनी सांगावं: ओळ ऐकून पकडताना सबंध गाण्याला एकच सा धरावा, की कॉर्ड (एकत्र उमटणारे स्वर) बदलेल तसा त्याच्या मूळ स्वराला सा मानावं?