स्कँडिनेव्हिया बाईकवरून, तीन आठवडे, मागे सौ. – मार्ग कुणी तपासून देईल का?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. वय ५४, राहणार कासारवडवली, ठाणे. बँकेतून मुदतीआधी सुटका करून घेतली आहे, गुडघे अजून साथ देताहेत, तोवर हे उरकायचं आहे. सौ. मागे बसणार. आम्ही दोघं लेह आणि स्पिती हिमालयन बाईकवर करून आलोय, त्यामुळे खराब रस्त्याची किंवा थंडीची भीती नाही. मुलगी म्हणते, "बाबा, सरळ क्रूझ घ्या." तिचं ऐकणार नाही.

मनातला मार्ग असा: कोपनहेगनला बाईक भाड्याने घ्यायची, ओरेसुंड पुलावरून माल्मो, तिथून स्टॉकहोम. रात्रीच्या बोटीने फिनलंडमधलं टुर्कू. मग रोव्हानिएमी, नॉर्वेच्या उत्तर टोकाचं नॉर्डकाप, लोफोटेन बेटं, ट्रोलस्टिगेनचा घाट, बर्गन, क्रिस्टियानसांड, बोटीने डेन्मार्कातलं हिर्त्सहाल्स आणि परत कोपनहेगन. नकाशावर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. दिवसाला पावणेतीनशे धरले तर आरामात बसतं असं माझं मत. सौ.चं मत वेगळं आहे.

विचारायचं ते: स्वतःची गाडी नेणं परवडेल का? आरटीओतून नेमका कोणता कागद लागतो? जून की जुलै? आणि आम्ही शाकाहारी, सौ. अंडंही खात नाही, तर तिचं कसं होणार?

उरणकर

गाडी न्यायच्या प्रश्नापुरतं उत्तर देतो, कारण आयुष्य जेएनपीटीच्या कंटेनरांत गेलं. परवडत नाही. बाईकला लाकडी क्रेट बनवायचा, टाकी रिकामी, बॅटरी सुटी, कार्नेसाठी (गाडी परत आणण्याच्या हमीचा कस्टमचा कागद) बँक गॅरंटी, तिकडच्या बंदरावर हाताळणीचा वेगळा खर्च, युरोपात चालेल असा विमा वेगळा. आणि हे सगळं परतताना पुन्हा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली गडबड टाळायला बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यामुळे तारखांचा भरवसा धरू नका. सहा महिने भटकणार असाल तर गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांसाठी भाड्याची घ्या.

पामबीच

वहिनींचं बरोबर आहे. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

मी नेरुळची. नणंदेला मागे बसवून नॉर्वे केलं, ओस्लोला बाईक घेतली, तिथेच परत दिली. (वेगळ्या देशात परत द्यायची म्हटलं की भाडं डोळे पांढरे करतं, हे तुम्ही टाळलंय, छान.) नॉर्वेतले पावणेतीनशे किलोमीटर म्हणजे नाशिक हायवेवरचे पावणेतीनशे नव्हेत. शहराबाहेर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ८०, वस्ती आली की ५०, आणि त्या पाळायच्या असतात. त्यात रस्ता फियोर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या) काठाशी येऊन चक्क संपतो, पुढे बोट. बोटीचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचाच, पण तुम्ही पोचता तेव्हा ती नुकतीच सुटलेली असते. ताशी सरासरी ५० धरा. वहिनी फोटो काढणाऱ्या असतील तर ४०.

म्हणून, राग मानू नका, पण स्वीडन-फिनलंडचा मोठा तुकडा कापा. तिकडे उत्तरेला जाताना दोन्ही बाजूंना झाडं आणि समोर सरळ रस्ता. पहिला तासभर डोळे निवतात, नंतर झोप येते. आपण बाईकवर जातो ते वळणांसाठी.

माझा मार्ग सांगते. ओस्लोहून वाल्द्रेसमार्गे लेर्डाल. तिथला बोगदा २४.५ किलोमीटरचा, २००० साली सुरू झालेला, रस्त्याच्या बोगद्यांत जगातला सर्वांत लांब. चालवणाऱ्याला पेंग येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी मोठ्या गुहा कोरून निळे दिवे लावलेत. जाताना बोगद्यातून जा आणि परत येताना डोंगरावरून, ऑरलँडस्फ्येलच्या जुन्या रस्त्याने. जूनमध्येही तिथे रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या असतात. पुढे फोदनेसची बोट, सोंदाल, आणि मग ५५ नंबरचा रस्ता, सोग्नेफ्येल. १,४३४ मीटरवरून जातो, उत्तर युरोपातली सर्वांत उंच खिंड. खारदुंग ला पाहिलेल्या माणसाला आकडा हास्यास्पद वाटेल, मलाही वाटला होता. पण तिथे झाडांची रेषा इतकी खाली आहे की वर सगळं उघडंबोडकं, हिमनद्या रस्त्याला लागून, आणि श्वास मात्र अजिबात लागत नाही. लोममध्ये मुक्काम. मग गायरांगर, तिथून ११ वळणांचा ऑर्नेवेगन चढायचा, आइड्सडालहून बोटीने लिंगे, आणि पुढे तुमचा लाडका ट्रोलस्टिगेन. त्यालाही ११ वळणं, १९३६ सालचा रस्ता. २०२४ मध्ये दगड कोसळायला लागल्यामुळे तो हंगामात बराच काळ बंद ठेवावा लागला होता, म्हणून आदल्या दिवशी तिथल्या रस्ते खात्याच्या नकाशावर उघडा आहे का ते बघायचंच. शेवटी अटलांटिक रोड. ८.३ किलोमीटर, ८ पूल. फोटोत तो पूल आकाशात जाऊन तुटल्यासारखा दिसतो, तो सगळा कोनाचा खेळ. तरी दोनदा पार करावासा वाटतो.

नॉर्डकापच हवं असेल तर ही दक्षिण सोडा. ओस्लोपासून ते दोन हजार किलोमीटरच्या आसपास, फक्त जायचे. शेवटी समुद्राखालून २१२ मीटर खोल जाणारा बोगदा लागतो, आत गारठून निघायला होतं. आणि वर पोचल्यावर कळतं की शेजारचं क्निव्हशेलोडेन हे टोक त्याहून थोडं आणखी उत्तरेला आहे, पण तिथे चालत जावं लागतं.

आता पाऊस. बर्गनला वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणजे साधारण आपल्याकडे पडतो तितका. आपला चार महिन्यांत उरकतो, ते लोक तो वर्षभर पुरवून वापरतात. आपल्या पावसात भिजलं तर अंग गरम असतं, तिथे जुलैत १०-१२ अंशांत भिजायचं आणि वर ८० च्या वेगाचा वारा. लेहची थंडी कोरडी होती, ती इथे उपयोगाची नाही. भाड्याची बाईक घेताना गरम होणारे ग्रिप आहेत का हे विचारा, बाकी इंजिन किती सीसी वगैरे नंतर. हातमोज्यांचे दोन जोड. व्हायझरवर धुकं न धरणारी फिल्म. हेल्मेट इकडूनच न्या, पण ईसीई (युरोपातल्या सुरक्षा मानकाचा) शिक्का असलेलं. काळा व्हायझर अजिबात नको: उन्हातून एकदम बोगद्यात शिरलात की काही सेकंद आंधळे. त्यात मेंढ्या. उन्हाळ्यात सावलीला बोगद्याच्या तोंडाशी येऊन बसतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. गुरं अडवायला रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात, ओल्या असल्या तर त्यांच्यावर ब्रेक आणि वळण दोन्ही नको.

खाणं: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इकडून नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, मसाले, ठेपले चालतात. कॅम्पिंगच्या जागी लाकडी केबिन मिळतात, बहुतेकांत शेगडी असते. हॉटेलपेक्षा बऱ्याच स्वस्त. आम्ही रोज संध्याकाळी खिचडी टाकायचो. रविवारी सुपरमार्केटं बंद, शनिवारी भाजी भरून ठेवा. तपकिरी चीज मिळतं, बर्फी करताना दूध जरा जास्त आटलं की लागतं तशी चव. नणंदेने ते भाकरीसारखं तीन वेळ खाल्लं.

नाक्यावरचा

एवढ्या पैशात लडाख पाच वेळा होईल. वर मॅगी पण मिळेल.

घोडबंदरकर

@नाक्यावरचा लडाख झालंय हो, वर लिहिलंय. पैसे माझे आहेत.

@पामबीच ताई, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. फार महागात पडलं, आता घरात माझं कुणी ऐकत नाही. तरी नॉर्डकाप सोडवत नाही. मध्यरात्रीचा सूर्य तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत असतो ना?

मूळ_डोंबिवली

गॉथेनबर्गहून लिहितोय. आधी निषेध: पामबीच ताईंनी स्वीडन झोपाळू ठरवलं. उत्तरेबद्दल खरं आहे, पण गॉथेनबर्गच्या वरचा बोहुसलेन किनारा बघा. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, फ्येलबाका, स्मोगेन, आणि ओस्लोपासून तीनशे किलोमीटरच्या आत. काका, ओस्लोला बाईक घेतलीत तर शेवटचे दोन-तीन दिवस इकडे टाका.

काही गोष्टी इथे राहून कळल्या. उजवीकडून चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते, घात होतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर पंपातून बाहेर पडताना. (स्वीडनही डावीकडूनच चालवायचा. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाने बाजू बदलली.) पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो सायकलवर असला तरी. तो तुमच्याकडे बघतही नाही, गृहीत धरून येतो. झेब्रावर पाय ठेवणाऱ्यासाठी थांबायचं. हेडलाइट दिवसाही चालू.

नॉर्वेत बहुतेक टोलवर बाईकला माफी आहे, स्टॉकहोम आणि गॉथेनबर्गच्या गर्दीकरातूनही. डेन्मार्कचे मोठे पूल मात्र पैसे घेतात, ओरेसुंड आणि स्टोरेबेल्ट दोन्ही. बोटीचे पैसे बरेचदा नंबरप्लेटचा फोटो काढून नंतर भाड्याच्या कंपनीमार्फत येतात, त्यामुळे घरी आल्यावर बिल आलं तर दचकू नका.

दारूची मर्यादा नॉर्वे-स्वीडनमध्ये रक्तात हजारी ०.२, म्हणजे जेवताना एक बिअरही नको. डेन्मार्कमध्ये २०२१ पासून बेफाम वेगासाठी गाडीच जप्त होते, भाड्याची असली तरी. आणि संध्याकाळी उशिरा जंगलात एल्क, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण. उजेड असतो म्हणून लोक रात्री अकरा-बारापर्यंत चालवत राहतात, शरीर दमलेलं असतं हे कळतच नाही. उत्तरेला त्यात रेनडिअर, ते कळपाने येतात आणि रस्त्यावरच उभे राहतात.

कळवा_ते_कन्याकुमारी

आयडीपीचं (परदेशात गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना) राहिलं. ठाणे आरटीओ, अर्ज परिवहनच्या सारथी साइटवरून, फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही बरोबर ठेवायचं, नुसत्या आयडीपीला किंमत नाही. लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे आणि मुदत शिल्लक आहे, हे दोन्ही आजच बघा.

घोडबंदरकर

आभार सगळ्यांचे. तह झाला: ओस्लो, लेर्डाल, सोग्नेफ्येल, गायरांगर, ट्रोलस्टिगेन, अटलांटिक रोड, परत ओस्लो, शेवटी बोहुसलेन. नॉर्डकाप पुढच्या खेपेला. (सौ. म्हणते, पुढच्या खेपेला विमानाने.) जूनच्या अखेरीला निघावं म्हणतोय. पण डेन्मार्कच्या व्हिसासाठी कोपनहेगनची हॉटेलं धरून ठेवलीत, रद्द करता येतात. तो अर्ज तसाच पुढे नेऊ का?

पामबीच

नाही. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, म्हणजे आता नॉर्वेकडे. युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे. कोपनहेगनची बुकिंग रद्द करा आणि केबिनांची तारीखवार यादी जोडा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात बाईक चालवणं वगळलेलं नाही ना ते बारीक अक्षरात वाचा. वहिनींच्या पॉलिसीत मागे बसणंही. सहा महिने आधी अर्ज करता येतो, लांबवू नका.

अजून एक. स्वीडनमध्ये मिडसमरचा सण १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी असतो, तेव्हा तिकडे सगळं बंद. तुमचं बोहुसलेन शेवटी आहे, त्यामुळे तो सुटतो. पण नॉर्वेच्या शाळांना तेव्हाच सुट्टी लागते, म्हणून गायरांगरची केबिन सर्वांत आधी धरा. आणि कार्डाचा पिन पाठ करा दोघांनी, पंपावर बहुतेक वेळा माणूस नसतो.