पेतायावेसीचं जुनं लाकडी चर्च टिकलं कसं?

प्रश्न: फिनलंडमधलं हे लुथरन चर्च १७६३ ते १७६५ दरम्यान बांधलं. १८७९मध्ये गावाला नवं चर्च मिळालं, तरी जुनं पाडलं का नाही? आणि लाकूड कुजलं कसं नाही?

उत्तर १: दफनभूमी आणि घंटा तिथेच राहिल्या, म्हणून वाचलं. घंटाघर १८२१चं, मूळ सुतार याक्को लेप्पानेनच्या नातवाने, एर्कीने, ते बांधून चर्चला जोडलं. १९२०च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार स्ट्रझिगोव्स्कींनी त्याचं महत्त्व ओळखलं आणि मग डागडुजी झाली. १९९४पासून जागतिक वारसा.

उत्तर २: लाकडाबद्दल सांगतो. पाइनचे ओंडके आडवे रचून कोपऱ्यात खाचांनी अडकवतात. अशा बांधकामात आधी कुजतो तो सगळ्यात खालचा ओंडका: जमिनीची ओल आणि छपरावरून पडून उडणारं पाणी दोन्ही त्यालाच लागतं. म्हणून तो दगडांवर उचलून ठेवतात, खालून वारा खेळता ठेवतात. छपरावरच्या लाकडी कौलांना डांबर (रस्त्याचं नव्हे, पाइनच्या लाकडातून काढलेलं) लावावं लागतं, तेही वरचेवर. हे टाळलं की गळती ठरलेली.

उत्तर ३: चर्च तापवत नाहीत, हाही मोठा फायदा. आत ऊब नसल्याने हिवाळ्यात बाष्प थंड भिंतींवर साचत नाही. आतल्या भिंती बिनरंगाच्या आहेत, त्यामुळे कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात. तिथे रंग चढवला असता तर फार वाईट झालं असतं.